सक्तीची राष्ट्रसेवा आणि घटना : एक खुलासा

एनडीएच्या, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, दीक्षांत संचलनाची बातमी आली की पुण्याच्या कट्ट्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सक्तीची राष्ट्रसेवा आपल्याकडे येऊच शकत नाही, घटनेनेच मनाई केली आहे." हे चूक आहे.

मनाई आहे ती वेठबिगारीला, कलम 23 मध्ये. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकतं. अट एवढीच की धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे श्रीमंताच्या मुलाला सूट आणि मजुराच्या मुलाला कवायत, हे चालणार नाही. मला ही अट फार मोलाची वाटते.

दुसऱ्या टोकाचा समजही तितकाच चुकीचा : घटनेच्या कलम 51अ मुळे सेवा आजच बंधनकारक आहे. देशाने हाक दिल्यास राष्ट्रसेवा करणं हे मूलभूत कर्तव्य आहे खरं, ते 1976 च्या 42व्या दुरुस्तीने आलं. पण नुसत्या त्या कलमावर कुणाला शिक्षा होत नाही. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागेल.

सक्तीचा अनुभवही आपल्याला आहे. चीन युद्धानंतर 1963 मध्ये महाविद्यालयीन मुलांना एनसीसी सक्तीची झाली, 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक केली गेली. आणि एनसीसी केली म्हणून युद्धावर जावं लागतं, असंही नाही. 1948 च्या एनसीसी कायद्यातच तसं स्पष्ट लिहिलं आहे.

माझा सक्तीला विरोधच आहे. पण तो घटनेच्या नावावर खपवू नये. सक्ती का नको, याची कारणं द्यावीत.