किफायती वेग, यांत्रिक विहारनौकांचा

ज्या वेगाने नौका ठराविक इंधनात सर्वांत जास्त अंतर कापते, तो तिचा किफायती वेग. आणि एंजिनाला त्रास न होता तासन्‌तास ठेवता येतो, तो प्रवासवेग. व्यवहारात दोन्ही एकच धरले जातात, मात्र बहुतेक मोटारबोटींत ते वेगळे पडतात.

चालती नौका लाट उठवते व वेगाबरोबर त्या लाटेची लांबी वाढते. ती नौकेच्या पाण्यातील लांबीइतकी झाली की एक मर्यादा येते, 5 मी. लांबीच्या नौकेत ती ताशी सुमारे 10 किमी. आहे. या मर्यादेच्या बऱ्याच खाली लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे वेग दहा टक्के उतरवल्यास दर किलोमीटरमागे जवळजवळ एकपंचमांश इंधन वाचते. मर्यादा ओलांडली की नाळ (नौकेचे पुढचे टोक) वर उचलते, पिछाडी बसते, चालकाला पुढचे पाणी दिसेनासे होते आणि एंजिन घुमते पण वेग वाढत नाही. इंधन सर्वांत वाया जाते ते इथे. ताशी 25 किमी.च्या आसपास सपाट तळाची नौका पाण्यावर चढून घसरू लागते (प्लेनिंग); नाळ खाली येते व वेगाचे हँडल थोडे मागे घेतले तरी वेग टिकतो. अशा नौकेचा प्रवासवेग या चढणीच्या किंचित पलीकडे असतो.

या घसरण्याचा शोध कोणाचा, याविषयी एकमत नाही. स्कॉटलंडमधील एका कालव्यावर 1830 च्या सुमारास विल्यम हाउस्टन यांची बोट ओढणारा घोडा बुजून उधळला, तेव्हा बोटीमागची उसळ थांबून ओढ एकदम हलकी झाली, अशी हकीकत स्कॉटिश अभियंता जॉन स्कॉट रसेल यांनी नोंदविली आहे. काही जण प्लेनिंगचा आरंभ इथे मानतात. परंतु उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला खोलीची मर्यादा असते (2 मी. खोलीस ताशी सुमारे 16 किमी.) आणि हाउस्टन यांची बोट ती मर्यादा ओलांडून गेली असावी, हे स्पष्टीकरण अधिक पटते. नौका पाण्यावर चढावी म्हणून तळाला पायरी देण्याची कल्पना पाद्री सी. एम. रॅमस यांनी 1872 मध्ये ब्रिटिश नौदलापुढे मांडली. नौका-अभियंता विल्यम फ्रूड (1810–79) यांनी प्रतिकृतींवर प्रयोग करून ती अव्यवहार्य ठरविली. वाफेच्या जड एंजिनांपुरता हा निर्णय योग्यच होता. पुढे हलक्या पेट्रोल एंजिनांनी तो मागे पडला.

कोल्हापूर परिसरात रंकाळा, राधानगरीचा लक्ष्मी तलाव अशा बंदिस्त पाण्यात नौका निघाल्या धक्क्यावरच परततात. तेथे किलोमीटरला किती लिटर यापेक्षा फेरीला किती लिटर, हा हिशेब खरा. 40 अश्वशक्तीचे पेट्रोल एंजिन पूर्ण जोरात तासाला ढोबळमानाने 15 लिटर पिते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मी. उंच असल्याने विरळ हवेत साध्या एंजिनाची शक्ती पाचेक टक्के घटते, म्हणजे मुंबईच्या समुद्रात सहज चढणारी नौका इथे चढणीवर रेंगाळू शकते. पंख्यात जलपर्णी गुंतली तर हिशेबच नको. सहलीला आलेली मंडळी मागच्या बाकावर दाटीने बसली की पिछाडी आणखी दबते. दोघांना पुढे बसविणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

विजेवरील नौकांना हेच नियम लागू पडतात, फक्त लिटरऐवजी युनिट मोजावे लागते. बॅटरी जड असल्याने त्या बहुधा चढणीच्या अलीकडेच चालविल्या जातात.