मुंग्यांपासून ‘तीन महिन्यांच्या शुगर’पर्यंत

बेळगावात आपण ‘शुगर झालीय’ म्हणतो, शेजारची कन्नड मंडळी ‘सक्करे कायिले’ म्हणतात. दोघांच्याही तोंडी आजाराचं नाव साखर. पण साखर ही त्या आजाराची खूण. शरीरातल्या अशा मोजता येणाऱ्या खुणेला वैद्यकात जैवसूचक किंवा बायोमार्कर म्हणतात. रक्तदाबसुद्धा त्यातच येतो.

ही खूण फार जुनी. लघवीला मुंग्या लागणं हे चरकसंहितेत प्रमेहाच्या (मधुमेह हा त्याचाच एक प्रकार) पूर्वलक्षणांत सांगितलंय. इंग्लंडमध्ये १७७६ साली मॅथ्यू डॉब्सनने लघवी आटवून तळाशी साखर उरते हे दाखवलं. पुढे बेनेडिक्टचं निळं द्रावण आलं. त्यात लघवीचे आठ थेंब टाकून तापवायचं. साखर वाढत जाईल तसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. एक मोठी अडचण मात्र होती. साधारणपणे रक्तातली साखर १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे द्रावण निळं राहिलं तरी आजार आत मुरत असायचा.

मग रक्त तपासू लागले. पण तो आकडा त्या घडीचा. माझी आई तपासणीच्या आधी दोन दिवस कुंद्याला हात लावायची नाही, आणि उपाशीपोटीची शुगर बघून घरात सगळे खूश व्हायचे. त्या आकड्यावर आम्ही बरीच वर्षं विसंबलो, याचं आजही वाईट वाटतं.

१९६८ मध्ये तेहरानच्या सॅम्युएल राहबार यांना मधुमेहींच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. हीच एचबीए१सी, आपली ‘तीन महिन्यांची शुगर’. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त ही पातळी निदानासाठी मान्य केली.

आईची ही तपासणी पहिल्यांदा झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “मावशी, हे दोन दिवसांच्या पथ्यानं खाली येत नाही.” तरी हाही आकडा एकट्यानं वाचू नये. लोह कमी असेल तर तो उगाच चढलेला दिसू शकतो, नुकतंच रक्त चढवलं असेल तर फसवा येतो. म्हणून आईच्या फायलीत आता दर खेपेला हिमोग्लोबिनचा कागदही त्याच टाचणीला असतो.