लाफिंग बुद्धा, मैत्रेय आणि गौतम बुद्ध

गौतम बुद्धांची मूर्ती कशी ओळखायची हे अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. तरीही बुद्धपौर्णिमेच्या शुभेच्छाचित्रांत पोट सुटलेला, खदखदून हसणारा लाफिंग बुद्धा येतो आणि खाली ‘बुद्धांचं हसरं रूप’ असं लिहिलेलं असतं. हे साफ चूक आहे. तो बुदाई: दहाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व चीनमध्ये खांद्यावर झोळी टाकून हिंडणारा चिनी भिक्षू. त्याच्या हाती सोन्याच्या मोहरा देऊन त्याला दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसवणं तर मला मुळीच पटत नाही.

बुदाई हा मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा अवतार, अशी चिनी श्रद्धा आहे. एवढं वाचून लोक ठरवून टाकतात की चीनमधला मैत्रेय म्हणजे ढेरपोट्याच. खरी फसगत इथे होते. उत्तर वेई राजवटीत 460 च्या सुमारास उत्तर चीनमधली युनकांगची लेणी कोरायला सुरुवात झाली. तिथल्या 17 क्रमांकाच्या लेण्यातला भव्य मैत्रेय घोट्यांशी पायांची अढी घालून बसला आहे. तो मुकुट आणि दागिने ल्यालेला आहे, कारण तो अजून तुषित स्वर्गात वाट पाहणारा बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचा आहे. पुढे थांग राजवटीच्या काळात नैऋत्य चीनमधल्या लेशानला अख्खा कडा कोरून 71 मीटर उंचीची मूर्ती घडवली. 713 ला सुरू झालेलं ते काम 803 ला संपलं. तिच्या डोक्यावर मुकुट नाही, अंगावर चीवर आहे, पाय खाली सोडलेले आहेत. हाही मैत्रेयच, पण बुद्धत्व मिळाल्यानंतरचा.

मराठी माणूस नेमका लेशानपाशी अडखळतो. वेरूळच्या 10 व्या आणि अजिंठ्याच्या 26 व्या लेण्यात स्तूपापुढचे बुद्ध असेच पाय सोडून बसलेले आहेत, म्हणून तो लेशानलाही गौतम म्हणून मोकळा होतो. थांगकालीन चीनमध्ये मात्र हे आसन बहुतेकदा मैत्रेयाचं. आपल्याकडची खूण तिकडे जशीच्या तशी लावू नये.

बुदाईचं रूप याच्याही नंतरचं. हांगझोऊजवळच्या फेइलाइफेंगच्या खडकात तो अठरा अर्हतांसह, म्हणजे मुक्ती मिळवलेल्या बुद्धशिष्यांसह, कोरलेला आहे. ते काम थांगनंतरच्या सुंग राजवटीच्या काळातलं. आज चिनी बौद्ध मंदिरात शिरलं की पहिल्या दालनात, दाराकडे तोंड करून सहसा तोच बसलेला दिसतो. शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, त्यामागच्या मुख्य दालनात असतात.