खारपड मातीतलं यीस्ट ओळखायचं कसं?

यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, मातीतही राहतं, हे एमिल ख्रिश्चन हान्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकातच दाखवलं होतं. पिकल्या फळांवरचं एक यीस्ट हिवाळा मातीत काढतं, हे त्यांचं निरीक्षण. पण सापडलेलं यीस्ट नेमकं कोणतं, हे ठरवणं अवघड होतं.

पेशीचा आकार, बीजाणू, कोणती साखर आंबवते, कशावर वाढते, एवढ्याच कसोट्या हाताशी होत्या. लॉडर आणि क्रेगर-फान राय या डच शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये बांधलेलं वर्गीकरणही त्यांवरच उभं होतं. मीठ सोसणाऱ्या यीस्टबाबत या कसोट्या फसव्या ठरल्या. एकाच प्रजातीचे दोन वाण वेगवेगळे निकाल देतात. डेबॅरिओमायसिस हान्सेनी हे त्याचं ठळक उदाहरण. भर म्हणून तिच्या अलैंगिक रूपाला कँडिडा फमाटा हे स्वतंत्र नाव होतं. लैंगिक आणि अलैंगिक रूपांना वेगळी नावं देण्याची ही मुभा २०११ मध्ये संपली.

खरी कलाटणी १९९८ ची. कुर्ट्झमन आणि रॉबनेट या शास्त्रज्ञांनी सुमारे ५०० यीस्ट प्रजातींच्या रायबोसोमल जनुकाचा (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या जनुकाचा) सुमारे ६०० डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचून तुलना केली. त्यात एक टक्क्याहून जास्त फरक दिसला तर प्रजाती बहुधा वेगळी, हा ढोबळ नियम तेव्हापासून रुळला. डेबॅरिओमायसिसच्या भावंडांत मात्र हा फरक इतका कमी असतो की ॲक्टिन या प्रथिनाच्या जनुकासारखं दुसरं जनुकही वाचावं लागतं.

हॉर्टिया वर्नेकी या काळ्या यीस्टची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तळहातावर काळे डाग पाडणारी बुरशी म्हणून ती १९२१ पासून नोंदलेली होती. २००० मध्ये नीना गुंडे-सिमरमन आणि सहकाऱ्यांनी स्लोव्हेनियातल्या सेचोव्हल्ये मिठागरात तिचं नैसर्गिक घर दाखवून दिलं. त्यांनी पोषक माध्यमातच भरपूर मीठ घातलं होतं. कारण बिनमिठाच्या आगरवर (जेलीसारख्या पोषक थरावर) भराभर वाढणाऱ्या साध्या बुरशा थाळी व्यापून टाकतात आणि मिठातले रहिवासी झाकले जातात.

मातीत अडचण आणखी वाढते. पाऊस पडला की मीठ विरतं, ऊन तापलं की पृष्ठभागावर साचतं. शिवाय वाऱ्याने आलेली पेशीही तिथे सुप्त पडून असू शकते. जनुक तिचं नाव सांगेल, पण ती तिथे वाढते का, हे सांगणार नाही. त्यासाठी मिठाच्या चढत्या प्रमाणात वाढ तपासण्याची जुनी पद्धत आजही लागते.