ग्लीमचा प्रोग्राम एकाच फाइलीत कसा बसवायचा?

ग्लीम ही फंक्शनल प्रोग्रामिंग लँग्वेज (म्हणजे फंक्शन जोडत प्रोग्राम लिहायची भाषा) तशी नवीनच, लुई पिलफोल्डने सुरू केलेली, 1.0 व्हर्जन आलं मार्च 2024 मध्ये. तिचा कंपायलर, म्हणजे आपला कोड चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम, रस्ट या भाषेत लिहिलाय, त्यामुळे तो स्वतः एकच फाइल आहे, डाउनलोड करा आणि चालवा. पण त्याच कंपायलरने बनवलेला आपला प्रोग्राम दुसऱ्याला पाठवला की त्याच्याकडे चालत नाही, आणि नवीन लोक इथेच अडकतात.

कारण ग्लीम थेट मशीन कोड, म्हणजे सीपीयूला सरळ समजणारा कोड, बनवतच नाही, ती एकतर अर्लंगचा कोड बनवते नाहीतर जावास्क्रिप्टचा. अर्लंग ही एरिक्सन कंपनीत 1980 च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार झालेली भाषा, आणि तिचे प्रोग्राम बीम नावाच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रामवर चालतात. मेमरी साफ करणं, लाखभर छोट्या प्रोसेसना आळीपाळीने सीपीयू देणं, हे सगळं बीमच्या गळ्यात. समोरच्याकडे बीम नसेल तर आपली फाइल म्हणजे नुसता बाइटकोड, फक्त बीमलाच कळणारा. ग्लीस्क्रिप्ट नावाचं टूल सगळं एका फाइलीत गुंडाळून देतं खरं, पण अर्लंग त्या मशीनवर लागतंच.

मग दुसरा रस्ता, जावास्क्रिप्टचा. बिल्ड करताना टार्गेट, म्हणजे कोड कोणत्या भाषेत हवा ते, जावास्क्रिप्ट द्यायचं, जी एमजेएस (जावास्क्रिप्टची) फाइल मिळते ती बन किंवा डेनो या ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या टूलच्या कंपाइल कमांडला द्यायची. फक्त एक गोष्ट, त्या फाइलीत मेन फंक्शन एक्स्पोर्ट केलेलं असतं, कोणी कॉल करत नाही, म्हणून तीच फाइल सरळ दिली तर एक्झिक्युटेबल बनतं, चालतं आणि काहीही न छापता बंद होतं. मेन इम्पोर्ट करून कॉल करणारी दोन ओळींची वेगळी फाइल लिहायची आणि ती द्यायची, झालं काम. बन किंवा डेनो आपला अख्खा रनटाइम (कोड चालवणारी यंत्रणा) आणि तुमचा कोड एकत्र भरून देतो, पाहुण्याने स्वतःची शेगडी घेऊन यावं तसं. म्हणूनच दोन ओळी छापणारा प्रोग्रामसुद्धा बनने कंपाइल केला की 50 एमबीच्या वर जातो. मला हा सौदा पटतो, डिस्क स्वस्त आहे, आणि समोरच्याला काही इन्स्टॉल करा म्हणायची वेळ येत नाही.

पण टार्गेट बदललं की वागणूकही थोडी बदलते हे ध्यानात ठेवा. बीमवर पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो, जावास्क्रिप्टवर तो 64 बिटचा फ्लोट, म्हणजे ठरावीक जागेत बसवलेली दशांश संख्या असतो, त्यामुळे 9007199254740992 मध्ये 1 मिळवला तर उत्तर पुन्हा 9007199254740992 च येतं! हिशोबाच्या प्रोग्राममध्ये हे फार महागात पडेल. शिवाय बीमच्या त्या प्रोसेसही इथे मिळत नाहीत.

कोकासारखी भाषा, मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधली, प्रोग्रामचा आधी सी कोड करते आणि रेफरन्स काउंटिंगने, म्हणजे एखादी गोष्ट किती ठिकाणी वापरात आहे ते मोजून, मेमरी सांभाळते, तिला एवढा मोठा रनटाइम लागत नाही, फाइल त्यामानाने लहानच होते. ग्लीममध्ये मात्र छोटं कमांड लाइन टूल असेल तर बन किंवा डेनो घ्या, आणि सर्व्हर लिहीत असाल तर एका फाइलीचा हट्ट सोडा, सर्व्हरवर अर्लंग टाका आणि बीमवरच चालवा.