फ्रिजमधला बर्फ वेगळा, फ्रिजमधलं पाणी वेगळं

पावसाळा लागला की घरी कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा, करणाऱ्या मंडळींत एकच प्रश्न फिरतो: "छोट्या फ्रिजमध्ये ओल धरलीय, काय करू?" उत्तरही ठरलेलं: "सिलिका जेल ठेव." ओल म्हणजे बर्फ की पाणी, एवढं विचारायची तसदी कुणी घेत नाही.

बर्फाचं सगळ्यांना माहीत आहे. सिंगल डोअर फ्रिजचा फ्रीझर शून्याखाली जातो, हवेतली वाफ त्यावर गोठते. थर अर्धा सेंटीमीटर झाला की डिफ्रॉस्ट करा. सुरीने खरवडणाऱ्यांपुढे मात्र हात टेकले. फ्रीझरमधल्या गॅसच्या नळीला भोक पडलं की गॅस गेला, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये तो आर-६००ए, म्हणजे पेट घेणारा आयसोब्युटेन असतो. फ्रिजला बाहेरून सुटणारा घाम? पुसा आणि विसरा. जुलैत घोडबंदर रोडला भिंतींनाही सुटतो.

खरी गफलत पाण्याची. तयार बाटल्या ४ अंशांवर ठेवता तेव्हा फ्रीझर बहुतेक वेळ गोठलेलाच राहतो, ओल तिथेच बर्फ होऊन अडकून पडते. त्याच फ्रिजला बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर (ठरवलेल्या तापमानानुसार फ्रिज चालू-बंद करणारा डबा) जोडून २४ अंशांवर कोम्बुचाची बरणी आंबवायला ठेवली की गणित बदलतं. कॉम्प्रेसर थोडा वेळ चालतो, फ्रीझरवर पातळ हिमाचा थर धरतो. मग कॉम्प्रेसर बराच वेळ बंद, तो थर वितळतो, टपकतो. पुन्हा तेच. बर्फ कुठेच दिसत नाही आणि तळाशी थारोळं. लोकांना वाटतं गारवा कमी पडतोय, म्हणून कंट्रोलरचा आकडा १६ वर आणतात. पाणी थांबत नाही, स्कोबी (चहा आंबवणारी जिवाणू-यीस्टची चकती) मात्र सुस्तावतो.

आणि नुकसान करतं ते हेच पाणी. ते बरणीच्या कापडावर पडतं, कापड ओलं राहतं, बुरशी धरते. बुरशी दिसली की स्कोबी आणि पातळ सगळं फेकायचं, वरचा भाग काढून उरलेलं वाचवायचं नाही. म्हणून बरणी फ्रीझरच्या बरोबर खाली ठेवू नका, मध्ये उतरता ट्रे ठेवा आणि मागचं निचऱ्याचं भोक साफ ठेवा.

ओलीचा दोष लगेच दार उघडण्याला देतात. हिशेब करून पाहा. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते, ४ अंशांच्या हवेत जास्तीत जास्त साडेसहा मावते. ९० लिटरच्या फ्रिजमधली सगळी हवा बदलली तरी दीड-पावणेदोन ग्रॅम पाणी, चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा. ओल दोन ठिकाणांहून सतत येते: कापड बांधलेल्या बरणीतून, आणि कंट्रोलरच्या सेन्सरची वायर जिथून आत नेलीत तिथल्या दाराच्या उचललेल्या रबरातून. त्या जागी दहाची नोट दारात धरून दार लावा. अलगद ओढून निघाली तर फट आहे. मी वायर बिजागरीच्या बाजूनेच घेतो. फ्रिजला ड्रिल मारायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका, भिंतीत गॅसची नळी असू शकते.

सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी १०-१५ ग्रॅम पाणी पिऊन गप्प बसते. बूच लावलेल्या बाटल्यांच्या फ्रिजमध्ये थोडाफार उपयोग, उघड्या बरणीपुढे काहीच नाही. कॅल्शियम क्लोराइडच्या लटकत्या पिशव्या तर नकोतच. भरल्या की खारट पाणी होतं, सांडलं की चिकट पसारा.

एकच फ्रिज दोन्ही कामांना वापरत असाल तर ४ वरून २४ वर जाताना आधी बर्फ पूर्ण वितळू द्या, आतून कोरडं पुसा, मगच बरणी ठेवा. नाहीतर साचलेला सगळा बर्फ पहिल्याच रात्री खाली उतरतो.