कॉपी करून फोटो फिका पडत नाही
‘फोटो हार्ड डिस्कवर पुन्हापुन्हा कॉपी केले की क्वालिटी उतरते’ हा समज बहुधा कॅसेटच्या काळातला. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटच्या कॉपीची कॉपी काढली की नवरी ओळखू येईना, हे खरंच व्हायचं. डिजिटल फाइल म्हणजे नुसते आकडे. ते जसेच्या तसे उतरतात. शंभरावी प्रतही मूळ फोटोइतकीच स्वच्छ. जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, बिघडतो तो एडिट करून पुन्हा सेव्ह केल्यावर, किंवा व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यावर. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर नाही. कॉपीनंतर फाइलची तारीख मात्र आजची दिसू शकते. घाबरू नका, कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलच्या पोटातच असते. फक्त ‘कट-पेस्ट’ टाळा: मध्येच केबल निसटली तर पंचाईत. आधी कॉपी करा, काही फोटो उघडून पाहा, मगच जुन्या जागेवरचे पुसा.